मेलने आलेले लेख उघडत नाहीत: विनमेल.डॅट, इंग्रजी गिचमिड, नोनेम, पेजेस

अंकवाले:

दिवाळी अंकासाठी लेख, कविता मेलवर मागवल्या आहेत. बहुतेक फाइली नीट उघडतात. ज्या उघडत नाहीत त्या अशा:

१. एका लेखकाच्या प्रत्येक मेलला विनमेल.डॅट नावाची एकच जोडणी असते, साधारण ३५० केबीची. ते म्हणतात, मी वर्डचीच फाइल जोडलीय. झिप करून पाठवा म्हटलं, तरी पुन्हा विनमेल.डॅटच आली.
२. दोन लेख वर्डमध्ये उघडतात, पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची गिचमिड. एकाची सुरुवातच एफ-एन-यू-के-ए-डी अशी आहे.
३. अमेरिकेतल्या एका लेखिकेची .पेजेस फाइल.
४. कविता मेलच्या मजकुरातच आहेत, पण डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए आणि त्यापुढे चार पाय फुटलेलं वर्तुळ, हेच पुन्हा पुन्हा दिसतं. त्यांनीच पत्त्यांची एक .सीएसव्ही यादी पाठवलीय, तिचीही एक्सेलमध्ये तीच दशा.
५. नोनेम नावाची, एक्स्टेन्शन नसलेली एक फाइल.
६. फोटो .एचईआयसी.

आमच्याकडे विंडोज ११ आणि वर्ड आहे. मेल थंडरबर्डमध्ये उतरवतो, कधी ब्राउझरमध्ये जीमेल बघतो. "परत पाठवा" म्हटलं की परत तेच येतं. यातलं काय आपल्याकडे सुटेल आणि काय लेखकाकडूनच दुरुस्त करून घ्यावं लागेल?

पोस्टमास्तर:

परत तेच येणार, कारण पाठवणाऱ्याकडे काहीच बदललेलं नाही. त्यांना नेमकी कोणती सेटिंग बदलायची ते सांगावं लागतं. मी १ आणि ५ घेतो, फॉन्टचं जाणकार सांगतील.

विनमेल.डॅट म्हणजे बिघडलेली फाइल नव्हे, ते गाठोडं आहे. आउटलुकमधून मेल 'रिच टेक्स्ट' प्रकारात गेला की आउटलुक मजकुराची सजावट आणि सगळ्या जोडण्या टीएनईएफ नावाच्या स्वतःच्या वेष्टनात बांधतं. समोरही आउटलुक असेल तर ते गाठोडं आपोआप सुटतं. थंडरबर्डला ते सोडता येत नाही, म्हणून तुम्हाला नुसतं बोचकं दिसतं. झिप करून उपयोग नाही, कारण झिपही त्याच बोचक्यात जाते.

खात्री करायची तर थंडरबर्डमध्ये मेल उघडून कंट्रोल-यू दाबा. मूळ मजकुरात कंटेंट-टाइपच्या ओळीत ॲप्लिकेशन/एमएस-टीएनईएफ दिसलं की निदान पक्कं. आकारावरूनही अंदाज येतो. पाच-सहा केबीची विनमेल.डॅट असेल तर बहुधा आत फक्त सजावट असते, काही हरवलेलं नसतं. तुमची ३५० केबीची आहे, म्हणजे लेख आत आहे.

तुमच्याकडे सोडवायची तर थंडरबर्डसाठी लुकआउट नावाचं ॲड-ऑन आहे, तुमच्या आवृत्तीला चालतं का ते आधी बघा. विंडोजवर विनमेल ओपनर हा छोटा प्रोग्राम आहे, फाइल त्यात ओढून टाकली की आतल्या फाइली वेगळ्या दिसतात. लिनक्सवर वायटीएनईएफ. असल्या फाइली उघडून देणाऱ्या वेबसाइटही आहेत, पण अप्रकाशित लेख तिथे चढवू नये असं माझं मत.

लेखकाला हे कळवा (क्लासिक आउटलुकसाठी): फाइल > ऑप्शन्स > मेल. 'कम्पोज मेसेजेस इन धिस फॉरमॅट' पुढे एचटीएमएल निवडा. त्याच पानावर खाली 'मेसेज फॉरमॅट' या भागात, इंटरनेटवरच्या पत्त्यांना रिच टेक्स्ट पाठवताना काय करायचं ते विचारलेलं असतं, तिथे 'कन्व्हर्ट टू एचटीएमएल फॉरमॅट' ठेवा.

एवढं करूनही फक्त तुमच्याकडेच विनमेल येत असेल तर त्यांच्या काँटॅक्टमध्ये तुमच्या पत्त्यावर 'रिच टेक्स्टनेच पाठव' अशी खूण अडकलेली असते. काँटॅक्ट उघडून पत्त्यावर डबल क्लिक, इंटरनेट फॉरमॅटमध्ये 'लेट आउटलुक डिसाइड'. शिवाय 'टू'मध्ये नाव टाइप करताना खाली जी सूचना येते तिच्यापुढची फुली दाबून ती उडवायची आणि पत्ता नव्याने लिहायचा. ही शेवटची पायरी लोक विसरतात आणि मग "सेटिंग बदलली तरी तेच" म्हणतात. मेल ऑफिसच्या एक्स्चेंज या मेल-सर्व्हरवरून येत असेल तर तिथल्या ॲडमिनला रिमोट डोमेनमध्ये रिच टेक्स्ट 'नेव्हर' करायला सांगावं लागेल.

नोनेम: पाठवणाऱ्या प्रोग्रामने जोडणीचं नावच लिहिलेलं नसतं. आतली फाइल बहुतेक वेळा शाबूत असते, फक्त ती कशाची आहे ते ओळखायचं. फाइलची प्रत करा, प्रत नोटपॅडमध्ये उघडा, पहिली चार-पाच अक्षरं बघा आणि सेव्ह न करता बंद करा. नोटपॅडमध्ये सेव्ह केलेली बायनरी फाइल कामातून जाते.

%पीडीएफ दिसलं तर नावाला .पीडीएफ लावा. महिरपी कंस आणि \आरटीएफ दिसलं तर .आरटीएफ. पीके दिसलं तर ती मुळात झिप आहे, आणि .डॉकएक्स, .एक्सएलएसएक्स, .ओडीटी या सगळ्या आतून झिपच असतात. म्हणून आधी .झिप लावून आत डोकवा: वर्ड नावाचा फोल्डर असेल तर .डॉकएक्स, एक्सएल असेल तर .एक्सएलएसएक्स, माइमटाइप नावाची फाइल असेल तर लिब्रेऑफिसच्या घराण्यातली. जुन्या .डॉक आणि .एक्सएलएस नोटपॅडमध्ये ओळखू येत नाहीत, हेक्स व्ह्यूअरमध्ये (फाइलीतले बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) त्यांचे पहिले चार बाइट डी० सीएफ ११ ई० असे असतात. एमझेड दिसलं तर तो चालणारा प्रोग्राम आहे. नाव काहीही असो, उघडू नका, उडवा.

कधी जोडणी न येता मेलच्या अंगातच ७६-७६ अक्षरांच्या ओळींची भिंत उभी राहते. ती बेस६४ मध्ये, म्हणजे साध्या अक्षरांच्या रूपात लिहिलेली फाइल असते. भिंतीची सुरुवात जेव्हीबीईआर अशी असेल तर आत पीडीएफ आहे, यूईएसडीबी असेल तर झिप किंवा .डॉकएक्स. अक्षरं कॉपी-पेस्ट करत बसू नका. जीमेलमध्ये तीन टिंबं > शो ओरिजिनल > डाउनलोड ओरिजिनल, आणि ती .ईएमएल फाइल थंडरबर्डमध्ये उघडून बघा. तरी भिंतच दिसली तर ओळींचा भाग वेगळ्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवून विंडोजच्या सर्टयूटिल कमांडने, डिकोड हा पर्याय देऊन, फाइल काढता येते.

पीडीएफ "डॅमेज्ड" म्हणत असेल तर ती अर्धवट आली का बघा. नोटपॅडमध्ये कंट्रोल-एंड दाबून शेवटी %%ईओएफ सापडलं नाही तर शेपूट तुटलेलं आहे. तिथे मात्र पुन्हा मागवण्यावाचून इलाज नाही.

खिळेजुळारी:

२ नंबरवर येतो. एफ-एन-यू-के-ए-डी म्हणजे "दिनांक". फाइल कृतिदेवमध्ये टाइप केलेली आहे.

कृतिदेव, श्रीलिपी, आकृती, सी-डॅकच्या आयएसएम सॉफ्टवेअरचे सुरेख-योगेश हे सगळे जुने फॉन्ट मराठी साठवतच नाहीत. फाइलीत इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट त्यांना मराठी मुखवटा चढवतो. कृतिदेवमध्ये एफ म्हणजे पहिली वेलांटी, एन म्हणजे द, यू म्हणजे न, के म्हणजे काना, ए म्हणजे अनुस्वार, डी म्हणजे क. फॉन्ट नसलेल्या मशिनवर मुखवटा गळतो आणि खालचं इंग्रजी उघडं पडतं. फाइल खराब नाही, मेलचाही दोष नाही. पेन ड्राइव्हवर आणली असती तरी हेच दिसलं असतं.

पहिलं पथ्य: ही फाइल वर्डमध्ये उघडली असेल तर सेव्ह करू नका, त्यात एक अक्षरही दुरुस्त करू नका. वर्डचं ऑटोकरेक्ट वाक्यातलं पहिलं अक्षर कॅपिटल करतं. कृतिदेवमध्ये लहान ई म्हणजे म आणि कॅपिटल ई म्हणजे अर्धा म्. तसंच, सरळ अवतरणचिन्ह आणि के मिळून तिथे श आणि ष होतात. वर्डने ती चिन्हं वाकडी केली की काही कन्व्हर्टर (जुन्या फॉन्टचा मजकूर खऱ्या मराठी अक्षरांत बदलणारे प्रोग्राम) श-ष खातात.

दुसरं, फॉन्टचं नाव शोधा. गिचमिडीत कर्सर ठेवा. होम टॅबवरच्या फॉन्टच्या चौकटीत तो फॉन्ट मशिनवर नसला तरी त्याचं नाव दिसतं. सगळ्या फाइलीतले गैरहजर फॉन्ट एकदम बघायचे तर फाइल > ऑप्शन्स > ॲडव्हान्स्ड > फॉन्ट सब्स्टिट्यूशन. प्रत्येक घराण्याचा नकाशा वेगळा असतो, म्हणून कृतिदेवचा कन्व्हर्टर सुरेखवर चालवला तर एका गिचमिडीतून दुसरी निघते, फरक एवढाच की ती देवनागरीत असते.

तिसरं, बदलायचं कशाला ते ठरवा. अंक जुळवणारा डीटीपीवाला त्याच फॉन्टमध्ये काम करत असेल तर त्याला फाइल जशीच्या तशी द्या, रूपांतर केलं तर तुम्हीच फुकटच्या चुका घालाल. युनिकोड (ज्यात खरी मराठी अक्षरंच साठवली जातात) लागणार असेल तर त्या फॉन्टचाच कन्व्हर्टर वापरा आणि लेखकाकडून त्याच फाइलची पीडीएफ मागवा. पीडीएफमध्ये फॉन्ट अंतर्भूत होतो, त्यामुळे ती नीट दिसते आणि मूळ प्रत म्हणून समोर ठेवता येते. पीडीएफमधून मजकूर कॉपी करायला जाऊ नका, पेस्ट केल्यावर पुन्हा एफ-एन-यूच निघेल.

रूपांतरानंतर प्रूफ वाचताना पहिली वेलांटी आणि रफार आधी तपासा. जुन्या फॉन्टमध्ये "दि" टाइप करताना वेलांटी आधी आणि द नंतर, कागदावर दिसते तशी. युनिकोडमध्ये द आधी, वेलांटी नंतर. रफाराचं उलटं: कृतिदेवमध्ये "वर्ष" लिहिताना रफार सगळ्यात शेवटी येतो, युनिकोडमध्ये र् हा ष च्या आधी साठवला जातो. कन्व्हर्टरला या उड्या माराव्या लागतात आणि "र्मि", "र्थि" असं दोन्ही एकत्र आलं की तो अडखळतो. "आर्थिक", "मार्मिक", "निर्मिती" हे शब्द शोधून बघा, कन्व्हर्टरचा दर्जा दोन मिनिटांत कळतो. मग "दुसऱ्या", "वाऱ्यावर" यांतला ऱ्य. हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेले कन्व्हर्टर त्याचा सरळ र्य करतात. असला "दुसर्या" छापून आला की वाचक पत्रं पाठवतात, आणि बरोबरच करतात.

अंकवाले:

फॉन्टच्या चौकटीची युक्ती लागू पडली. एक लेख कृतिदेव ०१० निघाला, दुसऱ्यात डीव्हीबीटीटी सुरेख दिसतंय. कृतिदेवचा युनिकोड केला, वेलांट्या ठीक आहेत. पण लेखात मध्ये मध्ये इंग्रजी शब्द होते त्यांची वाट लागली. शेवटी लेखकाने मानधनासाठी 'पॅन' असं इंग्रजीत लिहिलं होतं, तिथे "च्।छ" आलंय. ईमेल पत्ताही असाच देवनागरी झालाय. हे उलटं फिरवता येईल का?

खिळेजुळारी:

उलटं फिरवू नका, मूळ फाइलीवर परत जा. वेबपानावर मजकूर पेस्ट करून चालणारे कन्व्हर्टर फक्त अक्षरं बघतात, फॉन्ट बघत नाहीत. कृतिदेवमध्ये कॅपिटल पी म्हणजे च्, कॅपिटल ए म्हणजे दंड, कॅपिटल एन म्हणजे छ. 'पॅन'चा "च्।छ" त्याच्या हिशेबाने बरोबरच आहे.

मूळ फाइलीची प्रत उघडा. एका इंग्रजी शब्दावर कर्सर ठेवून होम > सिलेक्ट > 'सिलेक्ट ऑल टेक्स्ट विथ सिमिलर फॉरमॅटिंग' करा. टाइम्स किंवा एरियलमधलं सगळं इंग्रजी एकदम निवडलं जाईल, त्याला पिवळं हायलाइट द्या. ठळक किंवा तिरपे तुकडे या निवडीतून सुटतात, तेवढे वेगळे करा. आता किती पिवळे तुकडे आहेत ते बघा. दहा-वीस असतील तर रूपांतर झाल्यावर मूळ फाइल शेजारी ठेवून हाताने भरा. शेकडो असतील तर फॉन्टचं नाव बघून चालणारा वर्डचा मॅक्रो वापरा, तो फक्त कृतिदेवमधलाच मजकूर बदलतो. आकडे, तारखा, पॅन, खातेक्रमांक कशानेही केले तरी मूळ फाइलीशी एकेक करून ताडायचेच.

युनिकोडवाला:

४ नंबरचा रोग दिसायला २ सारखा, पण जात वेगळी. इथे फाइलीत खरी मराठी आहे, वाचणारा प्रोग्राम ती चुकीच्या लिपीत वाचतोय.

यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं असतं. पहिला बाइट नेहमी ई०, दुसरा ए४ किंवा ए५. प्रोग्रामने हे पश्चिम युरोपीय अक्षरं समजून वाचलं की ई० चा तिरक्या रेघेचा ए होतो, ए४ चं ते चार पायांचं वर्तुळ, आणि ए५ चं जपानी येनचं चिन्ह. दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा, हलन्त ए५ मध्ये येतात, बाकी बहुतेक अक्षरं ए४ मध्ये. म्हणून वर्तुळ आणि येन आलटून पालटून दिसत असतील तर निर्धास्त राहा, मजकूर बहुधा परत मिळतो.

थंडरबर्डमध्ये तो मेल उघडून व्ह्यू > रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग. सीएसव्हीसाठी फाइलवर डबल क्लिक करू नका. कोरं एक्सेल उघडा, डेटा > फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही, आणि फाइल ओरिजिनमध्ये ६५००१ युनिकोड यूटीएफ-८ निवडा. पाठवणाऱ्याने एक्सेलमधून 'सीएसव्ही यूटीएफ-८' असं सेव्ह केलं असतं तर डबल क्लिकही चाललं असतं.

स्क्रीनवरची गिचमिड कॉपी करून कन्व्हर्टरमध्ये टाकण्याचा मोह टाळा. कॉपी करताना काही अक्षरं कायमची गळू शकतात आणि ती ठरावीक असतात. ठ चा तिसरा बाइट ए० हा न तुटणाऱ्या मोकळ्या जागेचा आहे, तिची साधी स्पेस झाली की ठ गेला. भ चा एडी हा अदृश्य संयोगचिन्हाचा, तोही वाटेत गळतो. उकार, हलन्त, ए, ऐ, झ यांचे शेवटचे बाइट तर विंडोज-१२५२ या पश्चिम युरोपीय अक्षरांच्या तक्त्यात रिकाम्या घरांत पडतात. परत मिळवलेल्या कवितेत भ आणि ठ नसतील, जोडाक्षरं सुटी झाली असतील, तर कोणीतरी मध्ये कॉपी-पेस्ट केलंय असं समजा आणि मूळ मेल फॉरवर्ड न करता .ईएमएल म्हणून जोडून मागवा.

नुसते चौकोनी डबे दिसत असतील तर मजकूर शाबूत आहे, त्या प्रोग्रामला देवनागरी फॉन्ट मिळत नाहीये. सगळं निवडून निर्मला यूआय किंवा मंगल द्या. ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हं असतील तर मात्र वाटेत कुठल्या तरी प्रोग्रामने अक्षरं फेकून दिली आहेत. त्यातून काही निघत नाही, वेळ घालवू नका.

फाइलीच्या नावाचंही हेच. बरोबरीचं चिन्ह, प्रश्नचिन्ह, यूटीएफ-८, बी आणि पुढे ४केएस, ४केडब्ल्यू असं वारंवार येणारं नाव दिसलं तर ते बेस६४ मधलं मराठी नाव आहे, आतल्या फाइलीला काही झालेलं नाही. नाव बदला आणि उघडा. नाव मराठीतच ठेवायचं असेल तर आटोपशीर ठेवा. लिनक्सवर फाइलीच्या नावाला साधारणपणे २५५ बाइटची मर्यादा असते, म्हणजे देवनागरीत ८५ चिन्हं, आणि काना-मात्रा-अनुस्वार वेगवेगळे मोजले जातात.

मॅकवाली:

राहिलेले दोन. .पेजेस (ॲपलच्या पेजेस प्रोग्रामची फाइल) ही सुद्धा झिपच असते. प्रतीला .झिप लावून उघडा. २०१३ च्या आधीच्या पेजेसची असेल तर क्विकलुक फोल्डरमध्ये अख्ख्या लेखाची पीडीएफ असू शकते. नंतरच्या फाइलींत प्रिव्ह्यू.जेपीजी असतं, त्यात पहिलंच पान. पूर्ण लेख हवा तर मोफत ॲपल खातं काढून आयक्लाउडच्या वेबसाइटवरच्या पेजेसमध्ये फाइल चढवा आणि वर्ड म्हणून उतरवा. लेखिकेला सांगणं त्याहून सोपं: फाइल > एक्स्पोर्ट टू > वर्ड. 'सेव्ह' नव्हे, 'एक्स्पोर्ट'. मॅकवरचं टायपिंग युनिकोडमध्येच असणार, त्यामुळे फॉन्टचा घोळ बहुधा नसेल.

एचईआयसी विंडोजवर बघायला मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून 'एचईआयएफ इमेज एक्स्टेन्शन्स' घ्या, ते मोफत आहे. तरी फोटो उघडला नाही तर सोबत एचईव्हीसीचं एक्स्टेन्शन लागतं, ते विकत मिळतं. फोटोवाल्याने आयफोनच्या सेटिंग्ज > कॅमेरा > फॉरमॅट्समध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' ठेवलं की पुढचे फोटो जेपीजी निघतील, आधी काढलेले मात्र बदलत नाहीत. छपाईसाठी हवे असतील तर व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून मागवू नका, तो दाबून लहान होतो. मेलने किंवा 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा.

पोस्टमास्तर:

पुढच्या आवाहनात हे टाका: "लेख युनिकोडमध्ये टाइप केलेल्या .डॉकएक्स फाइलमध्ये पाठवावा, सोबत त्याच लेखाची पीडीएफ जोडावी. जुना फॉन्ट वापरला असल्यास त्याचं नाव मेलमध्ये लिहावं. फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत, आडनाव आणि विषय एवढंच. मेल एचटीएमएल किंवा साध्या मजकुराच्या प्रकारात पाठवावा." युनिकोड म्हणजे काय असं विचारणाऱ्या लेखकाला एक चाचणी सांगा: लेखातलं एक वाक्य कॉपी करून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. तिथे मराठी दिसली तर युनिकोड, इंग्रजी दिसलं तर जुना फॉन्ट.

खिळेजुळारी:

आणि डीटीपीवाला इनडिझाइन या पानं जुळवायच्या प्रोग्राममध्ये युनिकोड घेणार असेल तर त्याला पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून 'ॲडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कम्पोझर' निवडायला सांगा, प्रत्येक पॅराग्राफ स्टाइलमध्ये. ते नसलं की पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडते आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. मग तो म्हणतो, "तुमची फाइलच खराब आलीय."

अंकवाले:

लुकआउटने विनमेल सुटली, आत .डॉकएक्स होती. नोनेममध्ये पीके दिसलं, .झिप लावून बघितलं तर वर्ड नावाचा फोल्डर, तोही लेखच. कविता रिपेअर एन्कोडिंगने दिसल्या, भ आणि ठ जागेवर आहेत. सुरेखवाला लेख अजून बाकी आहे. आमचा डीटीपीवाला म्हणतो त्याच्याकडे आयएसएम आहे, तसाच द्या.

खिळेजुळारी:

तसाच द्या. फक्त वर्डमध्ये उघडून सेव्ह केलेली प्रत नको, मेलमधून पुन्हा उतरवलेली द्या.